मार्चचं पान

हॅलो?... हॅलो, कोण?... ताई? अगं, हा कुठला नंबर? मी उचलणारच नव्हते... हळू बोल, चिमणी झोपलीय. हो, दुपारचीच... ताप नाही. आत्ताच पाहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

हो, जेवले... काय जेवले ते आठवत नाही, पण ताट धुतलेलं दिसतंय, म्हणजे जेवले असणार... हसतेस काय?

तू आहेस कुठे? घंटा कसली वाजतेय?... गाय? खिडकीत?... ताई, भर मंगळवारी ऑफिस सोडून तू डोंगरात गाय बघायला गेलीस?

चिडले नाही गं. चिडायला अंगात काही असावं लागतं.

कॅलेंडर?... हो, औषधवाल्यानं दिलेलं. मार्चवरच आहे... माहितेय, जुलै चालू आहे. मार्चमध्ये तिला तापात फिट आली, त्यानंतर पानं उलटायचं कुणाच्या लक्षात राहणार?... हो, तोच फोटो. बर्फाचे डोंगर, तळं, लाकडी घरं. परदेशातला... म्हणजे काय? हाच दाखवून तर चिमणीला सांगितलं होतं, विमानात बसून अशा ठिकाणी जायचं. मग तिकिटं रद्द केली...

खाली? खाली काय आहे?... थांब, चष्मा घेते. अगं, मुंगीएवढी अक्षरं... 'छायाचित्र', कुणाचं तरी नाव, आणि... ताई. हे आपल्याकडचं आहे? इकडे उत्तरेत राहायला आलो, तिथलंच?... गाडीनं साडेतीन तास?... चार महिने मी या फोटोसमोर उभी राहून दूध तापवतेय!... तू रविवारी घरी आलीस तेव्हाच वाचलंस आणि बोलली नाहीस?... आधी स्वतः बघून यायचं होतं. बरं.

हो, हो, ऐकतेय. तळं आहे. पाइनची झाडं आहेत. बर्फ वर, टोकाला. बरं... छान असेल गं. छान आहे हे कळतं, पण आत काही हलत नाही. तू बर्फ म्हणतेस आणि मला तिच्या कपाळावरची ओली घडी दिसते.

नको, ताई... डॉक्टर म्हणाले, बिनधास्त जा. पण त्या दिवशी डॉक्टर गाडीत नव्हते, मी होते. पुलावर गाड्या अडकलेल्या, मागून हॉर्न, आणि तिचे ओठ... घरापासून दवाखान्यापर्यंत चाळीस मिनिटं. तिथं डोंगरात कोण बसलंय आपल्यासाठी?...

काय?... लॉजपासून दवाखाना सात मिनिटं?... कशावरून सात?... तू गाडी चालवून बघितलीस? घड्याळ लावून?... दोनदा? दुसऱ्यांदा कशाला?... मधे गाई आडव्या आल्या तर किती लागतात म्हणून. मग, किती?... नऊ. गाईंसकट नऊ.

नाही, रडत नाहीये. रडू आलं असतं तर बरंच होतं. मी नुसती... म्हणजे इथून चाळीस, आणि तिथून नऊ.

मुलांच्या डॉक्टरही आहेत? रोज असतात?... त्यांच्याशीसुद्धा बोललीस! काय म्हणाल्या?... 'मुलीचं नंतर बघू, आधी तिच्या आईला आणा.' खोचकच दिसतात बाई.

आणि मोबाइलला रेंज नाही, पण लॉजचा हा फोन चालतो, हे दाखवायला त्यावरूनच केलास. कळलं. लहानपणापासून अशीच तू. आधी स्वतः पाण्यात उतरायचीस, मग मला हाका मारायच्या.

शनिवारी?... त्याला विचारलंस? चिमणीचा बाबा काय म्हणाला?... 'ती हो म्हणाली तर गाडी काढतो, नाही म्हणाली तर एक शब्द बोलणार नाही.' हं. चार महिने तेच तर करतोय बिचारा.

थांब. किती वाजले?... अगं, सव्वातीन! तीनला श्वास मोजायचे होते. दर तासाला मोजते ना मी, वहीत लिहिते... थांब, फोन धर...

...आहेस?... काही नाही. जागी आहे. उशीच्या अभ्र्याची बटणं उघडत बसलीय. केव्हाची उठलीय कुणास ठाऊक... नाही मोजले. अखंड बडबड चाललीय, बोलणाऱ्या माणसाचे श्वास कसे मोजणार?... विचारतेय, मावशीच्या फोनमध्ये टिणटिण काय वाजतंय... गाय, बाळा. गाय... ताई, ती विचारतेय गाईचं नाव काय. विचारून ठेव, नाहीतर माझं डोकं खाईल.

मी हो म्हटलेलं नाही हं. बघू म्हटलंय... पान? नको, आता उलटत नाही. राहू दे शनिवारपर्यंत.

अगं ऐक ना... तिथं संध्याकाळी गारठा पडतो?... मग तो निळा स्वेटर... गेल्या वर्षीचा आहे, बाह्या आखूड झाल्या असतील... ठेवते मी. घालूनच बघते तिला.