होडी दिसेपर्यंतचं इंग्लिश

हसू नका हां, पण माझ्या आईला इंग्लिशचं एकच वाक्य येतं, आणि ते मी शिकवलंय.

आम्ही दिवाळे गावचे कोळी. मी शाळेत असताना एकदा बाईंनी सांगितलेलं, घरातल्या माणसाच्या वस्तूवर इंग्लिश वाक्य पाठ करून या. संध्याकाळी मी जेट्टीवर बसून घोकत होते, "आय ॲम वेटिंग फॉर माय फादर्स बोट." बाबांना खरंच उशीर झालेला. आई टोपली घेऊन बाजूला उभी, तोंड उतरलेलं.

"म्हंजे काय गं?"

"बाबांच्या होडीची वाट बघतेय."

"मंग होडी दिसंपरत बोलत र्‍हा."

थोड्या वेळाने तीही बोलायला लागली. मग बाकीच्या बायका. होडी लागली तेव्हा अख्खी जेट्टी इंग्लिशमध्ये ओरडत होती. बाबा घाबरून म्हणाले, "कोन साहेब आलाय काय?"

आता बाबा नाहीत, होडीही विकली. परवा ऑफिसातून यायला मला उशीर झाला. उतरले तर आई स्टॉपवर उभी. मी चिडलेच, "आये, इथं काय करतेस?"

"आय ॲम वेटिंग फॉर माय डॉटर्स बस."