गाडीचं तोंड बाहेर

...आणि वर सगळे विचारतात, 'डॉक्टरसाहब, अफ्रीका घूम आए? मज़ा आया?' मजा? कसली डोंबलाची मजा? तुम्हाला सांगतो, इंदिरा नगरातला सब्जीवाला विचारतो, आमच्या संस्थेच्या गेटवरचा गार्ड विचारतो, समोरचे मिश्राजी तर हातातल्या दुधाच्या पिशवीसकट येऊन विचारतात, 'शेर देखा?' आणि मी प्रत्येकाला 'हाँ हाँ, बढ़िया' म्हणून वाटेला लावतो, कारण खरं सांगायचं तर बैठक मारावी लागेल. आज तुम्ही बसलेलेच आहात, तर ऐका.

मी कीटकशास्त्रज्ञ. एकतीस वर्षं इथे लखनौत आंब्यावरच्या तुडतुड्यांवर काम केलंय. तुडतुडा केवढा? तिळाएवढा. एकतीस वर्षं भिंगाला डोळा लावून त्या तिळाएवढ्या जनावराचे पाय, पंख, मिशा, त्याचं सगळं खाजगी आयुष्य बघितलं, आणि मग वाटलं, रिटायर व्हायच्या आधी एकदा, एकदाच हो, भिंगाशिवाय दिसेल असं काहीतरी बघावं. तिकडे पूर्व आफ्रिकेत ती वाइल्डबीस्ट असतात ना, दाढीवाली, बैल करता करता देवाचा विचार बदलला असावा अशी, ती हजारोंनी नदी पार करतात. खाली मगरी टपलेल्या आणि वर हा लोंढा. मला तेवढं एक बघायचं होतं. सिंह नको, हत्ती नको, काही नको.

आता ह्यासाठी सरळ मार्ग काय? टूर कंपनी, बस, ड्रायव्हर, दुपारी वरणभात. चार माणसं जातात तसं जायचं. पण मध्ये तडमडला आमचा मेव्हणा. धनंजय, विनयाचा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ. मूळचा साताऱ्याचा, फौजेत कर्नल, सध्या पोस्टिंग इथेच छावणीत, आणि त्यामुळे दर रविवारी पोस्टिंग आमच्याकडे जेवायला. आमटी भुरकली, मिशी पुसली आणि म्हणाला, 'दाजी, ड्रायव्हर कशाला यार? टूरवाले नेतील तिकडे मेंढरांसारखं जायचं? आपण जीप भाड्याने घेऊ, केनियातून निघू, टांझानियात घुसू. गाडी आपली, मर्जी आपली!'

विनयाने टाळ्या वाजवल्या. मी हो म्हटलं. मती गुंग होते माणसाची, दुसरं काय.

नैरोबीला उतरलो. जीप आली, टपावर तंबू, तंबूपुढे डोकं बाहेर काढायचा झरोका, मागे चूल, बाजूला फावडं. फावडं कशाला, तर गाडी चिखलात रुतली की उपसायला. म्हणजे सहलीच्या सामानातच खड्डा धरलेला. मी हौसेने खिडकीपाशी बसायला गेलो, तर तिथे धनंजय आधीच ठाण मांडून. मांडीवर नकाशा, गळ्यात दुर्बीण. म्हटलं, 'अरे, मग चालवणार कोण?' तर म्हणाला, 'दाजी, पंधरा साल हो गए, मी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. फौजेत ड्रायव्हर चालवतो, कमांडर रस्ता सांगतो.' आणि विदेशात गाडी चालवायचा परवाना त्याने फक्त माझा काढायला लावला होता, 'बॅकअप' म्हणून. कळलं का तुम्हाला? घराजवळच्या मुंशीपुलिया चौकातून संस्थेपर्यंत आणि संस्थेहून मुंशीपुलियापर्यंत, एवढी ज्याची धाव, तो मी ती रणगाड्यासारखी जीप दोन देशांतून हाकणार. जीपवाल्याला विचारलं, 'हँडब्रेक लागत नाही का हो?' तो गोड हसून म्हणाला, 'लागतो ना साहेब. पण पाय पण ठेवा.'

गाडी आपली, मर्जी आपली.

मग रस्ते. रस्ते म्हणायचं, बरं का. पत्र्याच्या छपरावरून गाडी नेल्यासारखी खडखड, दिवसभर, दात हातात येतील अशी. धूळ इतकी की संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर वीट तयार. आणि पाणघोडे! पाणघोडे बघायला थांबवलं मला. डबक्यात शंभरेक धूड पडलेली, त्यातच हागतात, त्यातच डुंबतात, आणि हागताना शेपूट पंख्यासारखी फिरवतात, चहूकडे सडा... शी. तो वास माझ्या स्वेटरला अजून येतो, दोनदा ड्रायक्लीन करून. विनया म्हणाली, 'किती गोंडस आहेत!' मी म्हटलं, 'काच वर कर.'

तिसऱ्या दिवशी केनियातल्या मारा अभयारण्यातल्या नदीवर पोचलो. नदी आहे, मगरी आहेत, वाइल्डबीस्ट एकही नाही. तिथला रखवालदार म्हणतो, 'काल होती. सगळी पलीकडे टांझानियात गेली.' पलीकडे म्हणजे कुठे, तर हे दिसतंय ना, ते गवत. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, एक पांढरा दगड आहे. जनावरं दगडाला वळसा घालून परदेशी जातात, त्यांना कोणी विचारत नाही, आणि आम्हाला मात्र नाक्यावरूनच जायला पाहिजे. नाका कुठे? अख्खा दिवस उलटं जाऊन.

गेलो. रांग, शिक्के, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, गाडीचे कागद... सगळं झालं, आणि तिथली अधिकारी बाई जीपमध्ये डोकावली. समोर काचेजवळ, उन्हात, ओल्या पंचात बांधलेलं गाठोडं. बाईने विचारलं, 'हे काय?'

मटकी हो! विनयाने मटकी भिजत घातली होती. आफ्रिकेच्या जंगलात हिला मिसळ करायची होती, आणि इथे ऊन छान आहे, मोड लवकर येतील, म्हणून दोन दिवस गाठोडं पुढे ठेवून मी त्याच्याकडे बघत गाडी चालवत होतो, आणि मला, मला, एकतीस वर्षं किडीवर काम केलेल्या माणसाला, एकदाही काही खटकलं नाही. बाईने गाठोडं उघडलं. काय मोड आले होते, बोटभर! बाईने माझा फॉर्म वाचला, व्यवसायाच्या रकान्यावर थांबली, आणि शांतपणे म्हणाली, 'डॉक्टर, तुम्हीच सांगा. असं ओलं, मोड आलेलं बी घेऊन मी तुमच्या देशात आले, तर तुम्ही मला सोडाल?'

आणि मी... निघून गेलं हो तोंडातून. म्हटलं, 'नाही.'

झालं. मटकी गेली, मूग गेले, हरभरे गेले, पिशव्या उलट्यापालट्या करून साडेतीन तास गेले. आणि विनया माझ्याशी बोलायची बंद झाली. बंद म्हणजे कडेकोट. एका जीपमध्ये, खांद्याला खांदा लागतोय, आणि निरोप धनंजयमार्फत. 'धन्या, तुझ्या दाजींना सांग, पाणी प्या म्हणावं.' तो मला सांगणार, 'दाजी, पानी पी लीजिए.' मी म्हणणार, 'तिला सांग, प्यायलो.' 'धन्या, त्यांना सांग, सख्ख्या बायकोच्या विरुद्ध साक्ष देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.' दोन दिवस! तिकडे मटकीवाचून विनया आणि इकडे बायकोच्या आवाजावाचून मी.

गाडी आपली, मर्जी आपली म्हणे.

आता मुख्य गोष्ट. टांझानियाच्या बाजूला नदीकाठी तळ ठोकला. शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. सकाळपासून पलीकडच्या काठावर ती जमायला लागली. शंभर, पाचशे, मग मोजदादच नाही. काठाशी येतात, पाण्यात बघतात, मागे फिरतात. माझं काळीज असं उडतंय म्हणून सांगू. वीसेक जीपगाड्या धावल्या काठाकडे, मी पण घातली, उतारावर, आणि पुढच्या काचेतून समोर नदी अशी ताटात वाढल्यासारखी. आणि धनंजय म्हणतो, 'दाजी, गाडीचं तोंड बाहेर.'

म्हटलं, 'काय?'

'गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची. निघायची वेळ आली तर शोधाशोध नको. ही सवय आहे फौजेची, बीस साल की.' अरे, इथे कोण हल्ला करतंय तुझ्यावर? पण तो कर्नल, त्याचा आवाजच तसा, पाय आपोआप रिव्हर्स टाकतो. वळवली. तोवर दोन्ही बाजूंनी गाड्या चिकटल्या, समोरही एक आली. खाली उतरायला बंदी. विनया आणि धनंजय दोघं छताच्या झरोक्यातून वर, आणि मी? मी नदीकडे पाठ करून, ब्रेकवर पाय दाबून. कारण हँडब्रेक शोभेचा, मागे उतार, उताराखाली मगरी.

आणि तेवढ्यात पहिलं जनावर पाण्यात पडलं. मला दिसलं नाही, आवाज आला. मग धडाधड, धडाधड, पूल कोसळल्यासारखं. वरून विनया, 'अगं बाई... अगं बाई गं...' म्हटलं, 'काय झालं? मगर आली का?' वरून धनंजय, 'ओहो! क्या सीन है!' अरे, कसला सीन? 'धनंजय, एक मिनिट खाली ये, ब्रेक धर!' तर म्हणतो, 'दाजी, हिलिए मत, गाड़ी हिल रही है!'

मग मी आरशात बघितलं. बाजूचा आरसा, वहीच्या पानाएवढा, त्यातही अर्ध्यात धनंजयचा वाळत घातलेला टॉवेल. उरलेल्या अर्ध्यात धूळ, आणि धुळीत काळे काळे ठिपके. तुडतुड्यांएवढे! सात समुद्र ओलांडून गेलो, आणि शेवटी तिळाएवढंच जनावर. अकरा मिनिटं. पायाला पेटका आला, सोडला नाही. समोरच्या जीपमधल्या गाइडने मला अंगठा वर करून दाखवला, 'साहेब, नशीबवान आहात, ह्या मोसमातलं सगळ्यात मोठं क्रॉसिंग!' जागा मोकळी होऊन गाडी वळवली तेव्हा नदीत एक मगर होती, तीही जेवून सुस्त.

गाडी आपली. मर्जी कुणाची, विचारू नका.

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. विनयाने वरून वाकून बघितलं आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. 'अहो, वाईट वाटून घेऊ नका. मी सगळा व्हिडिओ काढलाय, तुमच्यासाठी. अकरा मिनिटं हात हलवला नाही. आता फोनवर इवलासा बघू नका, लखनौला गेल्यावर धन्याच्या मोठ्या टीव्हीवर बघू.' म्हटलं, चला, बायको बोलायला लागली, नदीही मिळणार.

गेल्या रविवारी छावणीत गेलो. पडदे ओढले, मला मधली खुर्ची दिली, धनंजयने व्हिडिओ लावला.

नदी नाही. मगर नाही, वाइल्डबीस्टची शेपूटसुद्धा नाही. फोनचा कॅमेरा उलटा लागला होता, सेल्फीचा. अकरा मिनिटं, पंचावन्न इंची, विनयाचा चेहरा. तोंड उघडं, डोळे हे एवढे, गालावरून पाणी वाहतंय आणि हसतेय, लहान पोरीसारखी हसतेय... आणि खालून कुठूनतरी माझा आवाज, 'काय चाललंय? मला सांगा ना कुणीतरी!'

विनयाने तोंड पदरात लपवलं. कर्नलसाहेबांनी रिमोट उचलला. मग हळूच म्हणाला, 'सॉरी, दाजी. डिलीट करू?'

मी म्हटलं, 'पुन्हा लाव.' एकोणतीस वर्षांचा संसार आहे हो आमचा, आणि माझ्याकडे बघून तिचा चेहरा कधी असा झालेला नाही, यापुढे होईल अशी आशाही नाही. मला काही त्या जनावरांसारख्या हजारोंनी दाढ्या नाहीत.