बाबा आणि बर्लिनची थंडी

डिसेंबरात बर्लिन बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आतून थर्मल घाला. माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, "जावईबापू, मी महाबळेश्वरला नोकरी केली आहे." आणि साध्या स्वेटरवर ख्रिसमस मार्केटला निघाले.

तिथे गर्दीत जरा वळून बघतो तर बाबा गायब. फोन घरीच राहिलेला. माझी बायको तर रडकुंडीला आली. एकेक स्टॉल धुंडाळत आम्ही पार टोकाला पोचलो, तेव्हा ती म्हणाली, "ते बघ."

चेस्टनट भाजणाऱ्या एका जर्मन आजींच्या स्टॉलमध्ये, निखाऱ्यांना अगदी खेटून बाबा उभे होते. डोक्यावर आजींची लोकरीची टोपी, हातात उलथनं. बाबा चेस्टनट भाजत होते, आजी पुड्या बांधत होत्या. जर्मनचा एक शब्द येत नसताना समोर ही रांग.

"बाबा, किती शोधलं तुम्हाला. थंडी वाजत होती ना?" बायकोने विचारलं.

"छे, थंडी कसली. या बाई एकट्याच होत्या, म्हणून थांबलो."

"बरं, चला आता घरी."

बाबांनी एकदा निखाऱ्यांकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे. एवढी गिऱ्हाइकं टाकून कसं यायचं?"