दोन दिवस पट्टा बापसाच्या कमरेला

आमी किन्हवलीकडचे, गावाचं नाव सांगून तुमाला कळायचं नाय, एस्टी फाट्यावर सोडते, मंग पायी. माजा जन्म तिथला, बापसाचा पण तिथलाच. पावसाळ्यात भात, मंग पाणी असंल तोवर भेंडी. आता भेंडीचं कसं हाय, ती उजाडताच खुडायला लागते, थांबली का जून होते, मंग कोण घेत नाय. आणि माजी तर सकाळच होत नव्हती, काय सांगू तुमाला. विशी लागली तेव्हापासून पाठ अशी धरायची का कुशीवर वळायचं तरी बायकोला बोलायचो, जरा ढकल गो. दिस वर आला का सुटायची, दुपारी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरायचो. आता तुमीच सांगा, सकाळी लाकूड आणि दुपारी पंप, बघणारा काय बोलणार. सोंग करतो बोलायचे.

बापूस तर तोंडावर बोलायचा. तो कोंबडं आरवायच्या आधी उठून बांदावर, चालला, बसला, परत चालला, उजाडलं का भेंडीत शिरला. पाठीत वाकलेला, तरी. गाव बोलायचा, माणूस असावा तर असा, आणि पोरगा बघा. बापूस माज्या पोरांसमोर बोलायचा, तुमचा बाप आळशी हाय रे. पाठीपेक्षा ते जास्त लागायचं मला.

लय वर्सांनी कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात कळलं का हा मणक्याचा संधिवात हाय, आतून सूज येते, पडून राहिलं का आखडतं, हाललं का सुटतं. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलल्या, तुमी दिवसभरात किती हालता, किती बसता ते मोजू. मी बोललो, मोजणार कसं, माज्या मागं शेतात येणार का तुमी? तर त्यांनी पट्टा दिला, कमरेला बांधायचा, त्यात काड्यापेटीएवढं यंत्र, आठवडाभर ठेवायचं, आंघोळीपुरतं काढायचं. मला तर नादच लागला त्याचा. वाकलो तर कळतं का, डोक्यावर भेंडीचा क्रेट घेतला तर कळतं का, सगळं विचारलं. बाई बोलल्या, हाललेलं कळतं, वजन नाय कळत. मी बोललो ठीक हाय, मी आळशी हाय का नाय तेवढं कळलं तरी पुरे.

आता मधीच धसईला मेव्हणीची हळद आणि लग्न आलं. बायको बोलली, ते डबडं कमरेला बांधून येऊ नका, माज्या माहेरची माणसं विचारत बसतील. काढून ठेवला तर मोजणी मोडणार. तर बापूस बोलला, आण इकडं, मी बांधतो. आमच्या गावात विहिरीचा गाळ काढायचा असो का रस्त्यावर मुरूम टाकायचा असो, घरटी एक माणूस द्यायचा, बाप येवो का पोरगा, घराची पाळी भरली. माज्या पाठीपायी पाळी कायम तोच भरायचा. हे पण तसंच, त्याला वाटलं, आणि खरं सांगतो, मला पण वाटलं. वर बोलतो कसा, तुज्या डॉक्टरीणबाईला दोन दिवस जरा कामाचा माणूस दिसू दे.

आठवडा भरला, दवाखान्यात गेलो, बाईंनी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, नुसत्या रेघा. सकाळच्या रेघा आडव्या, मंग हळूहळू वर. मधल्या दोन दिवसांवर बोट ठेवून बोलल्या, तेव्हा जास्त दुखलं का? अंधारातच उठलाय, चाललाय, बसलाय, परत चाललाय, पडवत नाय असं दिसतंय. मी खरं सांगून टाकलं, तो माजा बापूस, तो पहिल्यापासून कष्टाळू. रागावल्या नाय, ते दोन दिवस मोजणीतून काढले. मंग बोलल्या, बाबा एवढ्या लवकर का उठतात, विचारलंय का कधी?

कधीच नाय विचारलं हो. घरी येऊन बापसाला विचारलं. मंग बोलला, पडवत नाय रे, जवानीपासून नाय पडवत, चाललो का सुटतं. मी बोललो, मंग सांगितलं का नाय कधी? तर बोलला, लोकं कष्टाळू बोलायची, बरं वाटायचं.

बाई बोलल्या होत्या, हा आजार घराण्यात चालू शकतो, पण वाकली पाठ म्हंजी हाच असं नाय, आणा त्यांना, तपासू. पाठीचा फोटो काढला, रक्त घेतलं, तेच निघालं. परत येताना बापूस एस्टीत खिडकीशी बसला होता, शहापूर आलं. मंग बोलला, म्हंजी मी कष्टाळू नव्हतोच का रे? मला रडू आलं. मी बोललो, बाबा, दुखत असून एवढं केलंस, अजून कष्टाळू कसा असतो माणूस. त्यानं माज्या पाठीवर हात ठेवला, जिथं धरते ना, बरोबर तिथंच.

आता गोळ्या दोघांना चालू, बाईंनी शिकवलेला व्यायाम ओटीवर दोघं करतो, पोरं हसतात, हसू दे. पाठ काय सरळ व्हायची नाय त्याची, ते कळतं आमाला. पण सकाळी बांदावर जायच्या आधी माज्या अंथरुणाशी येतो, हात पुढं करतो, बोलतो, उठ पोरा, मला पण पडवत नाय, चल चालू.