तोंड वासलेले मासे

माहेर माझं आष्टीकडलं, दिलं हसनाबादच्या बाजूला. मालक जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, सकाळी गाडीवर जातेत ते अंधारानंच येतेत, मंग शेततळं माझ्याच गळ्यात. मोसंबीसाठी खंदल्तं, त्यात मासे सोडले, अन् मासेवाल्या खात्याच्या शिबिरात मला पाणी बघायला शिकवलं. काय सांगू तुम्हाला, सोपंय बिलकुल. कोपर बुडंपर्यंत हात घालायचा, तळवा तिथं दिसंनासा झाला तर पाणी बराबर. मनगट बुडताच दिसंनासा झाला तर पाणी हिरवंगार, घट्ट झालं, आतली हवा कमी पडती, मासे सकाळच्याला वर येऊन तोंड वासतेत. मंग खाणं बंद करायचं अन् नवं पाणी सोडायचं. नवं आणू कुठून, हिरीला तळ लागलेला. म्या आपली बादलीनं तेच पाणी उचलून वरून वतायची, तेवढीच हवा आत जाईन म्हणून.

अन् पलीकडल्या काठाला माझे सासरे, मामा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या तवापासून माणूस बोलतच नव्हता, खातच नव्हता, मासे आले अन् उठून बसला. कणकेच्या गोळ्या करून टाकायचे, लेकराशी बोलावं तसं बोलायचे त्यांच्याशी. मंग मासे जितके तोंड वासायचे तितक्या मामा जास्ती गोळ्या टाकायचे, त्या खाली सडायच्या, पाणी अजून घट्ट. म्या म्हणलं, मामा, त्यांना भूक न्हाई, दम लागलाय. मामा म्हणले, तोंड वासून कोण मागतं गं, भुकेलाच ना. मालकाला सांगितलं तर ते म्हणले, बापाच्या हातातली वाटी म्या कशी काढू, तूच बघ. म्या काय बघू? सून हाये म्या. एकदा कणकेचा डबा लपवला, तर मामांनी ताटातली भाकर नेऊन टाकली अन् सोता उपाशी बसले. काढला मंग डबा.

आभाळ आलं, ऊनच पडंना, उन्हाबिगर पाण्यात हवाच बनंना, अन् एका सकाळी सगळं तळं पांढरं. पोटं वर. म्या टोपल्यानं काढून राह्यले, रडून राह्यले, अन् मामा काठावरून म्हणतेत, तू डबा लपवल्ता, उपाशी मेले गं लेकरं.

म्या म्हणलं, हो मामा. दुसरं काय म्हणू?

थोडे उरलेत. ते तरी उपाशी मरू नयेत म्हणून मामा आता दोन्ही वखताला टाकतेत. त्यांच्यानं आता कणीक मळणं होत न्हाई. म्याच मळून देते.