शिंगाची मूठ

अब्बास : ही मूठ माझ्या वस्तऱ्याची नाय.

उमैर : नवी आहे, अब्बा. जुनी तडकून तिचे तुकडे झालेले. ही म्हशीच्या शिंगाची. कंपनीतला फजल रत्नागिरीहून शिंग घेऊन आला, ते मी गरम करून सपाट केलं, कापलं, कानशीने घासलं. हात तर लावून बघा.

अब्बास : माझ्या बापाने जहाजावरनं आणलेला वस्तरा. त्याला तू कोयत्याची कळा आणलीस.

रिफत : अब्बा, अख्खा हिवाळा खपलेत हे त्याच्यावर. कंपनीच्या बसमधून अल खोरला उतरले की थेट बाल्कनीत. गंजाने पातं दिसत नव्हतं हो.

अब्बास : सूनबाई, मी त्याला बोलतोय. तुझा नवरा मुका झाला काय?

उमैर : रिफत, गरम पाणी दे इकडे. अब्बा, मान मागे टाका.

अब्बास : तू करणार दाढी? थोरला मुदस्सिर करायचा तर मला डुलकी लागायची. तुझा हात लोखंड कापणाऱ्याचा.

उमैर : तुमचा हात थरथरतो. मग कोण करणार? गाल फुगवा. हां. लागतंय का?

अब्बास : नाय.

उमैर : आधी दगडावर धार लावली, मग चामड्याच्या पट्ट्यावर. केस आपोआप येतोय बघा.

अब्बास : धार पात्यात होतीच. मुदस्सिरने जपून ठेवला म्हणून टिकला. तू वरवर पुसलास, झालं. ईद झाली की मी घरी जाईन, तेव्हा त्याच्या हातात देईन. थोरल्याचा हक्क तो.

उमैर : बोलू नका, कापेल.

अब्बास : कापू दे. तुझ्याकडनं दुसरं काय होणार? तुझी अम्मा गेली तेव्हा जनाज्याला खांदा त्यानेच दिला. तू इथे कतारात वाळू मोजत बसलेलास.

रिफत : ह्यांना तेव्हा कंपनीने सोडलं नव्हतं, अब्बा. किती रडले होते...

अब्बास : रडायला काय, बायका पण रडतात.

उमैर : (पात्यावरचा फेस टॉवेलला पुसत) वस्तरा भंगारवाल्याच्या पोत्यात होता.

अब्बास : काय?

उमैर : मुदस्सिरभाईनेच टाकलेला. तुमच्या ट्रंकेसकट. तुम्ही इथे आल्यावर मी सुट्टीवर गेलो, तेव्हा पोतं उपडं करून काढला.

रिफत : अहो, नको.

उमैर : आणि कुठल्या घरी जाणार? तुमची खोली पाडली त्याने. तुम्ही विमानात बसलात, दुसऱ्या दिवशी गवंडी आले. तिथे आता त्याची गाडी उभी असते. म्हणाला, म्हातारा राहू दे तुझ्याकडेच, परत पाठवू नकोस. खलास.

रिफत : असं सांगतात? म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याला पातं लावून?

उमैर : तू आत जा.

रिफत : अब्बा, पाणी देऊ का?

अब्बास : नको. ...कुठली गाडी घेतली?

उमैर : पांढरी. मोठी आहे.

अब्बास : मोठीच घेणार तो. लहानपणापासनं हौस त्याला.

उमैर : हनुवटी वर करा.

अब्बास : खोली तशी अरुंदच होती माझी. गाडीला पुरली ना?