बिनमुळाची जत्रा

चैत्री जत्रेतली भजी खाऊन तृप्त झालेले पुण्याचे बापूसाहेब पौडच्या एस.टी.च्या रांगेत उभे होते. पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“गोजरे, जत्रा तुझ्या माहेराची, आन् भाकर घरनं बांधून आणलीस व्हय?”

“भावानं मूळ धाडलं न्हाई, साळे. न्यायला कुणी आल्याबिगर उंबरा कसा चढू?”

“धाडंल कसा? जमिनीच्या कागदावर आंगठा दिला न्हाईस. पुरणपोळी गेली की गं.”

“पोळीचं काय न्हाई. देवळाम्होरं बसले दिवसभर. म्हटलं, दिसंल तरी.”

“मग दिसला का?”

“दिसला की. पालखी खांद्यावर हुती. अगदी माझ्यापाशी येऊन थांबला.”

“बोलला काय?”

“बोलला. म्हणाला, ‘ओ बाई, वाट सोडा, देव चाललाय.’”